वांग्याची खूण

१

आमच्याकडे शनिवारी दोन गोष्टी यायच्या, भाजी आणि माझं पुस्तक. दोन्ही एकाच पिशवीतून यायच्या, त्यामुळे माझ्या वाचनाला कायम मेथीचा वास. ह्यांची नोकरी साखर कारखान्याच्या ऑफिसात. शनिवारी दुपारी दोनला सुटायचं, सायकलवर राहुरीच्या वाचनालयात जायचं, तिथून मंडईत, आणि चारच्या चहाला घरी. मी स्वतः वाचनालयात कधी गेले नव्हते. कुणी जाऊ नको म्हटलं होतं असं नाही. राहुरीत बायका देवळात जातात, दवाखान्यात जातात. वाचनालयात त्यांचे नवरे जातात.

मला लागायची ती पुस्तकंही घरंदाज बाईला शोभणारी नव्हती. राक्षस, यक्ष, पाताळात जाणारे जिने. आणि अलीकडे अग्निबाण, यंत्रमानव, चंद्रावरची माणसं. सासवासुनांच्या कादंबऱ्या नकोत. ते सगळं मला खिडकीतून दिसतं, आणि रोज नवीन भाग असतो. हे स्वतः वर्तमानपत्र आणि खताची पत्रकं सोडून काही वाचायचे नाहीत. पुस्तक हातात देताना फक्त विचारायचे, "आज कोण उडतंय?"

बायकोने कुठलं पुस्तक वाचलंय हे नवऱ्याच्या लक्षात राहत नाही. त्यावर आमच्या गावाने एक उपाय काढला होता. प्रत्येक घराचं एक पान आणि एक खूण. डॉक्टरीणबाईंची पान पन्नासवर फुली. पोस्टमास्तरांच्या घरची पान अकरावर तीन टिंबं. माझी पान एकवीसवर, खाली उजव्या कोपऱ्यात, कोयरी. मी काढते ती कोयरीच. बघणाऱ्याला ते वांगं दिसतं, देठासकट. हे वाचनालयात उभ्या उभ्या पान एकवीस उघडायचे. वांगं असेल तर पुस्तक परत फळीवर, नसेल तर पिशवीत.

दुसरी सवय वाईट होती, ती माझी एकटीची नव्हे. पुस्तकाच्या शेवटी कोरं पान असतं, त्यावर लोक पेन्सिलीने अभिप्राय लिहायचे. ग्रंथपाल विष्णुपंतांनी 'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी लावली होती, त्या पाटीवरही कुणीतरी 'सहमत' म्हणून लिहून गेलं होतं. इतरांचे अभिप्राय म्हणजे 'बरे आहे', 'वेळ वाया'. माझे जरा लांबायचे. 'यंत्रमानव स्वयंपाक करतो हे छान. भांडी कोण घासतं ते लिहिलेलं नाही.' किंवा, 'राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात. त्या पोपटाला मिरची कोण घालतं?' किंवा, 'ह्या शास्त्रज्ञालाही सुंदर मुलगी आहे आणि बायको नाही. मुलगी कुठून आणतात हे लोक?' मध्ये घरातलंही काही लिहायचे, म्हणजे कुठल्या पानाला दूध उतू गेलं वगैरे.

विष्णुपंतांनी ह्यांना एकदा सांगितलं, की लोक आधी मागचं पान उघडून वांगेबाईंचं मत बघतात आणि मग पुस्तक न्यायचं का ते ठरवतात. वांगेबाई कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. ह्यांनी चेहरा मख्ख ठेवला, असं मला सांगितलं. मला वाटतं मनातून चांगले फुगले असावेत, कारण त्या दिवशी भाजी दुप्पट आली.

२

त्र्याहत्तरचा जानेवारी. दुष्काळाचं साल, टँकर येईल त्याप्रमाणे आमचा दिवस उजाडायचा आणि मावळायचा. त्या शनिवारी हे नुसती भाजी घेऊन आले. म्हणाले, पुण्याहून नव्या पुस्तकांचं पार्सल आलंय, विष्णुपंतांनी सुतळी माझ्यासमोर कापली. त्यात एक तुझ्या जातीचं होतं, 'मंगळावरची विहीर'. त्या साली विहीर मंगळावर का असेना, मी पोहरा घेऊन निघाले असते.

"मग आणलं का नाही?"

"एकवीसवर वांगं आहे."

"नव्या पुस्तकात?"

"म्हणून तर दोनदा बघितलं," हे म्हणाले. "देठसुद्धा आहे."

कुणीतरी चेष्टा केली असणार, दुसरं काय. सोमवारी ह्यांना पुन्हा पिटाळलं आणि पुस्तक मागवलं. शाईचा वास येत होता. दोन-तीन पानं वरून जोडलेलीच होती, ती मी चाकूने फाडली. पान एकवीस. मी देठाला दोन फराटे मारते, एक आडवा आणि एक उगाच. दोन्ही होते. मग मागचं पान उघडलं.

'विहीर खणायला इतक्या लांब जायची गरज नव्हती, पण माणसं बरी आहेत. म्हाताऱ्या अंतराळवीराचा भाग वाचताना तुरीची डाळ खाली लागली. कडूबाईने हाक मारली तेव्हा कळलं. पातेलं काळं ते काळंच.'

अक्षर माझं होतं. माझा 'ळ' झोपलेला असतो, शाळेत त्यावरून छड्या खाल्ल्यात. इथे पाचही 'ळ' झोपले होते.

मी हसले, खरंच हसले. गावात वांगेबाईचं अक्षर शंभर जणांना माहीत. कुणीही बसून गिरवावं. कडूबाई पाणी भरायला आणि भांड्यांना चार घरी जाते, तिचं नाव कुणालाही ठाऊक. आणि माझी डाळ लागते हे तर सगळ्या आळीला वासाने कळतं. तरी त्या आठवड्यात मी तूर शिजवली नाही. मूग केले, मटकी केली, पिठलं केलं. स्वतःलाच चिडवत होते, की प्रेमलाबाई, एका पातेल्याला घाबरलात.

गुरुवारी ह्यांनी आमटी मागितली. मग मी शहाणपणा केला. डाळ शेगडीवर ठेवली आणि तिथेच पाट टाकून बसले, नजर हटवायची नाही म्हणून. हातात पुस्तक होतं, ते मात्र बाजूला ठेवायचं सुचलं नाही. म्हातारा अंतराळवीर हेल्मेट काढून तांबड्या मातीवर बसला, आणि मी त्याच्याजवळ बसले.

"बाई, डाळ लागली जनू," मागच्या दारातून कडूबाई म्हणाली. "कुठं हायात तुमी?"

"मंगळावर," मी म्हटलं.

पातेलं मी दोन दिवस राखेने घासलं. पण मला पातेल्याचं काही वाटलं नाही. पुस्तक संपल्यावर मी सवयीने पेन्सिल घेतली आणि मागचं पान उघडलं. लिहायला काही उरलं नव्हतं. मला जे म्हणायचं होतं ते सगळं, माझ्याच शब्दांत, तिथे होतं. पेन्सिल हातात धरून मी बराच वेळ बसले, आणि मग उगीच तिला टोक केलं.

३

त्यानंतर शनिवारची पिशवी बदलली. हे कधी जुनं प्रवासवर्णन आणायचे, कधी लिंबाच्या लागवडीवरचं पुस्तक. म्हणायचे, तुझ्या जातीची सगळी संपली, सगळ्यांवर वांगं आहे. मी म्हणायचे, इतकी वाचली असती तर आत्तापर्यंत मला पंख फुटले असते. हे हसायचे नाहीत. ऑफिसात काही असेल, असं मला वाटलं.

फेब्रुवारीत मी हट्टच धरला तेव्हा एक बारीकसं पुस्तक आलं, 'तिसऱ्या प्रहराचं गाव'. एका गावात संध्याकाळच होत नाही, एवढीच गोष्ट. पान एकवीसवर वांगं होतं. मागचं पान कोरं होतं. मला इतकं बरं वाटलं, की मी ते पान बोटाने चाचपलं; आणि ते जाड लागलं. दोन पानं बांधणीच्या खळीने चिकटलेली होती. केसांतला आकडा काढून मी ती सोडवली.

'गाव आवडलं. दिवे लावायचा त्रास नाही. पुस्तक मी स्वतः जाऊन आणलं. विष्णुपंत उठून उभे राहिले. एका दिवसात वाचून झालं. आता मध्ये उठावं लागत नाही.'

रविवारची सकाळ होती. हे ओसरीवर, खिडकीच्या गजाला आरसा टांगून, दाढी करत होते. गाल फुगवला की मान वाकडी करायची त्यांची पद्धत आहे. मी पुस्तक मांडीवर ठेवून विचार करत होते, की वाचताना मी उठते कशाकशाला. चहाला. अंघोळीच्या पाण्याला. शर्टाच्या बटणाला. 'ऐकलंस का' म्हणून हाक येते तिला. मुलगी इंदू, ती तर मागच्या वर्षी लग्न होऊन संगमनेरला गेली.

ज्या ज्या गोष्टींसाठी मी उठते, त्या सगळ्या समोर ओसरीवर बसून दाढी करत होत्या.

४

मी ह्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? पुस्तकाच्या मागे लिहिलंय म्हणून? आमचे हे पंचांगावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत.

मी खोडरबर घेतलं आणि तो मजकूर खोडला. मला दाबून लिहायची सवय. शिसं गेलं, पण कागदावर चर राहिले, आणि उन्हात तिरकं धरलं की पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसायचे.

मग माझ्या गुडघ्याचं निमित्त करून ह्यांना नगरला नेलं आणि आलोच आहोत तर म्हणून डॉक्टरांसमोर ह्यांनाच बसवलं. छातीचा फोटो झाला, नाडी झाली. डॉक्टर म्हणाले, "बाई, ह्यांना घोडेगावच्या गुरांच्या बाजारात उभं केलंत तर पहिल्या फेरीत विकले जातील." हे खूश. परतीच्या एस.टी.त मला दोन वेळा ऐकवलं. मी खिडकीतून समोरून येणारे ट्रक बघत होते.

मी सायकलीच्या चाकातलं व्हॉल्व्ह काढून डब्यात लपवलं, की उसाच्या गाड्यांच्या रस्त्याने सायकल नको. हे कारखान्याच्या जीपमधून जायला लागले. मग मला जीपची भीती वाटायला लागली. पावसाचं नाव नव्हतं, तरी मी विजेला भ्यायले. घरात मोरीचा दगड निसरडा आहे हे बावीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं. एखादं संकट ठाऊक असलं की माणूस एका बाजूला दार लावून घेतो. मला सगळ्याच बाजूंना दारं दिसत होती, आणि कडी एकालाही नव्हती. ह्यांना शिंक आली तरी मी हातातलं टाकून उठायचे. त्यावरून हे एकदा म्हणाले, की अलीकडे तू फारच पतिव्रता झालीस, काही मोडलंबिडलंस का माझं?

त्याच सुमारास एक दिवस कडूबाई भांडी विसळताना फुगून बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही न्हाई. मग स्वतःच बोलली.

"परवा लायब्रीपाशी हाक मारली तुमाला. दोनदा मारली. बघितलंबी न्हाई माझ्याकडं."

"परवा? मी कुठे बाहेर पडले?"

"आता माझे डोळे का फुटलेत व्हय? काखंत पुस्तकं हुती. आन् बाई, राग मानू नगा, पर असलं फिकट लुगडं तुमाला शोभत न्हाई."

माझ्याकडे फिकट लुगडं नाही. मी तिला सांगितलं, दुसरी कुणीतरी असेल. कडूबाई म्हणाली, असंल. म्हणाली, पर चाल तुमचीच हुती, त्यो गुडघा.

५

त्या दुपारी माझ्या डोक्याने एक युक्ती काढली. डोकं म्हणजे पन्नास-साठ अद्भुत पुस्तकं वाचलेलं डोकं. त्यातून दुसरं काय निघणार. मी म्हटलं, मागच्या पानावर लिहिलंय की मी स्वतः गेले आणि विष्णुपंत उठून उभे राहिले. ठीक आहे. मग जावं. आज जावं, हे धडधाकट असताना, माझ्या कपाळावर कुंकू असताना. शिंगणापूरला तेल वाहून लोक शनी उरकून टाकतात, तसं ते वाक्य एकदाचं उरकून टाकावं. ते खरं झालं की संपलं.

बुधवारी तीन वाजता निघाले. हिरवं इरकल नेसले. कुंकू रोजच्यापेक्षा मोठं लावलं आणि हातात जास्तीच्या सहा-सहा बांगड्या चढवल्या. लग्नाला निघाल्यासारखी मी वाचनालयाला निघाले होते. आरशात बघून मला माझंच हसू आलं.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचा बाक आणि विष्णुपंतांचं टेबल. आतल्या खोलीत कपाटं, आणि कपाटांमागे बायकांना बसायला म्हणून ठेवलेलं एक टेबल. तिथे कुणी बसत नाही, असं ह्यांनी सांगितलं होतं. दुपारची वेळ, बाकावर कुणी नव्हतं. मी चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. विष्णुपंतांनी वर बघितलं आणि ते उठून उभे राहिले.

झालं, मी मनात म्हटलं. उरकलं. ह्या भल्या माणसाच्या पाया पडावं असं वाटलं.

"काही विसरलात का, बाई?" विष्णुपंतांनी विचारलं.

"मी आत्ताच येतेय."

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या कपाळाकडे, आणि लगेच नजर खाली केली. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. पुसताना म्हणाले, की मला वाटलं, तुम्ही आत बसला आहात.

मी आत गेले. का गेले ते अजून सांगता येत नाही. कपाटं उंच होती, छताला टेकलेली. खिडकी मागच्या बाजूला असल्यामुळे उजेड कपाटांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी येत होता. जुन्या कागदाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि एक आवाज. पेन्सिल कागदावर दाबून चालली की येतो तो. मी तो रोज ऐकते, पण तेव्हा तो माझ्या हाताखाली असतो.

शेवटच्या कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये वीतभर जागा होती. तिथून टेबलाचा एक कोपरा दिसला, आणि एक हात. कोपरापासून पुढचा. फिकट पदराचा काठ. मनगटाच्या आतल्या बाजूला, अनारसे तळताना तेल उडालेला डाग, लांबट. हाताने पुस्तकाची सुरुवातीची पानं उलटली, एकाशी थांबला, आणि उजव्या कोपऱ्यात काहीतरी काढलं. एक आडवा फराटा. मग एक उगाच.

हाताच्या हालचालीचा आवाज नव्हता. त्या मनगटात बांगडी नव्हती, एकही.

मी उभी राहून कारणं शोधत होते. नगरच्या मिशनच्या शाळेतल्या बाई बांगड्या घालत नाहीत, कुंकू लावत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी राहुरीला आली असेल. तेल कुणाच्याही हातावर उडतं. दोन पावलं पुढे गेले असते तर चेहरा दिसला असता आणि ही शंका मिटली असती. दोनच पावलं होती. मी मागे वळले. वळताना माझ्या त्या दोन डझन नवसाच्या बांगड्या खणखणल्या.

आतली पेन्सिल थांबली.

मी चपला हातात घेऊन बाहेर पडले. विष्णुपंत अजून चष्माच पुसत होते.

६

हे सहा वाजता आले. मी चहा ठेवला आणि पाठमोरीच सांगितलं, की आज मी वाचनालयात गेले होते. एवढंच. ह्यांनी विचारलं, "आतल्या खोलीत गेलीस?"

मी वळून बघितलं. हे पायातले मोजे काढता काढता थांबले होते, एक पाय उघडा, एक झाकलेला. तो चेहरा मी ओळखते. इंदूला तापात आकडी आली होती तेव्हा ह्यांनी असाच चेहरा करून मला सांगितलं होतं, की काही नाही.

'मंगळावरची विहीर'नंतर हे दर शनिवारी मागची पानं वाचत होते. माझ्या जातीची, मी अजून न वाचलेली तीसेक पुस्तकं होती, सगळ्यांवर वांगं, सगळ्यांमागे माझा मजकूर. कपाटांच्या मधोमध उभं राहून ह्यांनी एकेक वाचलं होतं, आणि परत ठेवताना पाठ आत करून ठेवलं होतं, म्हणजे मला चुकून कुणी देऊ नये. चिकटलेली पानं तेवढी त्यांच्या नजरेतून निसटली. त्यांना गोष्टी कळत नाहीत, पण माझं लिहिणं कळतं.

"तुझा गुडघा आहे त्यात," हे म्हणाले. "कडूबाईची नवी सून आहे, ती खाष्ट निघते. टँकर बंद होतो, पाऊस चांगला पडतो. मी नाही, प्रेमला. एकातही नाही."

बावीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली असेल चार वेळा. चहा उकळून शेगडीवर सांडत होता, तो मी सांडू दिला.

मग ते एकदम जरा उजळले. म्हणाले, इंदूला मुलगी होणार आहे, हे तुला सांगायचं राहिलं. दोन-तीन पुस्तकांत आहे ती. तुझ्या मांडीवर बसून पुस्तकातली चित्रं मागते. चित्रं नसली की रडते.

"कधी?" मी विचारलं. इंदूच्या मुलीचं विचारत नव्हते.

"तू तारीख कुठे घालतेस," हे म्हणाले. "लग्न झाल्यापासून सांगतोय, काही लिहिलंस की खाली तारीख घालत जा."

मला हसू आलं. ह्यांनाही आलं. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभं राहून हसत होतो, आणि त्यातलं माझं कधी रडणं झालं ते मला कळलं नाही. ह्यांनी मला पाणी दिलं. मग जाऊन ट्रंक उघडली. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, एक पुस्तक होतं. 'काळोखातला खलाशी'. पान एकवीस उघडून माझ्यासमोर धरलं. कोपरा स्वच्छ होता. मागचं पान स्वच्छ होतं. उन्हात तिरकं धरून बघितलं, चरही नव्हते.

सगळ्या कपाटांत एवढं एकच असं सापडलं, म्हणाले. महिना झाला, मी परत केलेलं नाही.

"असं का असेल?" मी विचारलं.

"हे तू वाचलेलं नसशील."

वर्तमानपत्राची घडी करत म्हणाले, "किंवा वाचायला घेतलं असशील आणि संपवलं नसशील."

७

ते आम्ही आता वाचतो. चहा झाला की मागच्या दाराच्या पायरीवर बसतो, दिवेलागणीच्या आत. मी वाचत नाही, हे वाचतात. मोठ्याने. आयुष्यात गोष्ट न वाचलेला माणूस. कारखान्याचं परिपत्रक वाचावं तसं वाचतात, स्वल्पविरामाला थांबतात आणि पूर्णविरामाला खाकरतात. रोज अर्धं पान, त्याहून जास्त नाही. मध्ये त्यांना शंका येतात. त्या यानात दाढीचं काय करतात? पाणी किती नेलंय? ह्या खलाशाच्या घरी कोण आहे, ते लेखक का सांगत नाही? मी म्हणते, ह्या लेखकांना बायका नसतात. हे म्हणतात, असायला हव्यात.

मी वाचनालयात परत गेलेले नाही. सायकलीचं व्हॉल्व्ह परत बसवून दिलं. संध्याकाळी सहापर्यंत मी काय करते ते लिहिण्यासारखं नाही. कडूबाई म्हणते, बाई, तुमी दारात किती उभ्या ऱ्हाता, पाय दुखंना का तुमचं.

काल खलाशाच्या यानात काहीतरी बिघडलं. बाहेरच्या बाजूने दुरुस्त करायचं होतं. त्याने पोशाख चढवला, कमरेला दोरी बांधली, दार उघडलं आणि पाऊल बाहेर ठेवलं. बाहेर खाली-वर काही नव्हतं. सगळीकडे सारखाच काळोख, असं लिहिलं होतं. हे वाचता वाचता थांबले. अर्धं पान अजून व्हायचं होतं. बोट ओळीवरच होतं.

वर न बघता त्यांनी विचारलं, "हा परत आत येतो का गं?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी वाचलेलं नाही."

त्यांनी मान हलवली. पायरीवरचं ऊन गेलं होतं, पण अक्षरं अजून दिसत होती. ह्यांनी पुढची ओळ वाचली नाही. मीही वाचा म्हटलं नाही.